उरलेले देणे

घर सोडताना मनुष्य भिंतीवरचे खिळेसुद्धा उपटून नेतो. परंतु बँकेतील खाते सोडताना मागे काय राहिले, हे पाहण्याची तसदी तो क्वचितच घेतो. भाड्याच्या घराला निदान घरमालक तरी असतो. तो दाराशी उभा राहून किल्ली मागतो, फुटलेल्या काचेकडे बोट दाखवितो. जुन्या खात्याच्या दाराशी असा कोणी उभा नसतो. नवे खाते उघडले, पगार तिकडे जमा होऊ लागला, म्हणजे जुने खाते आपल्या मनातून आपोआप बंद होते. बँकेच्या वहीतून मात्र ते बंद होत नाही. आणि त्यात काही देणे उरलेले असेल तर ते आपल्या गैरहजेरीत मुकाट्याने वाढत राहते.

अशाच एका टाकून दिलेल्या खात्याने 2025 सालच्या जानेवारीत आम्हांस एका नैतिक प्रश्नापुढे उभे केले. रक्कम अशी फार मोठी नव्हती. परंतु ज्याने तीस वर्षे विद्यार्थ्यांस नीतिशास्त्र शिकविले, त्याला स्वतःच्या घरी त्या शास्त्राची परीक्षा द्यावी लागली, आणि ती देताना त्याची काहीशी तारांबळ उडाली. म्हणून तो प्रसंग वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हकीकत थोडक्यात अशी. आमच्या महाविद्यालयाचा पगार पूर्वी एका बँकेत जमा होत असे. त्या बँकेने पगारी खात्यावर ओव्हरड्राफ्टची सवलत दिली होती. म्हणजे खात्यात शिल्लक नसतानाही ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे उचलता येत. चिरंजीवांच्या अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाची फी भरताना आम्ही त्या सवलतीचा उपयोग केला. पुढे दरमहा पगार जमा होई आणि उचललेली रक्कम थोडीथोडी भरून निघे. इतक्यात 2018 च्या जून महिन्यात महाविद्यालयाने पगाराची बँक बदलली. त्या दिवशी जुन्या खात्यात आमच्या नावावर 18,400 रुपये देणे होते. ते पुढच्या महिन्यात भरू, असे आम्ही ठरविले. तो पुढचा महिना साडेसहा वर्षे आलाच नाही.

आम्ही विसरलो, असे लिहिले तर ते सोयीचे होईल. पण ते पूर्ण सत्य होणार नाही. पहिले वर्षभर त्या खात्याची आठवण अधूनमधून येत असे, आणि प्रत्येक वेळी आम्ही ती बाजूस सारीत असू. मग भ्रमणध्वनीचा क्रमांक बदलला, बँकेचे संदेश यावयाचे थांबले, आणि तेव्हा कोठे आम्हांस खरोखर विसर पडला. विसरणे आणि विसरू देणे यांत अंतर आहे. पहिले स्मरणशक्तीचे काम आहे, दुसरे इच्छाशक्तीचे. आमच्या हातून घडले ते दुसरे.

जानेवारीत आलेल्या पत्रात 57,310 रुपयांची मागणी होती. त्यात दरमहा मुद्दलात मिसळत गेलेले व्याज होते, दंड होता, दंडावरचे व्याज होते, खात्याची वार्षिक फी होती, आणि आमच्यापर्यंत कधीही न पोहोचलेल्या संदेशांचा आकारही होता. पत्राच्या शेवटी मात्र एक गोड ओळ होती: तीस दिवसांच्या आत 15,000 रुपये एकरकमी भरल्यास बँक तडजोड करून प्रकरण मिटविण्यास तयार आहे. म्हणजे बँक एका श्वासात आमच्यापाशी तिप्पट मागत होती आणि दुसऱ्या श्वासात मुद्दलापेक्षाही कमी घेण्यास राजी होती. बँकेच्या स्वतःच्याच लेखी देण्याचा आकडा इतका सैल असेल, तर खरे देणे किती, हा प्रश्न उद्भवणे अपरिहार्य होते.

त्या रात्री जेवणाच्या पानावर या पत्राची चर्चा झाली. आमचा भाचा वकील आहे. तो त्या दिवशी योगायोगाने मुक्कामास होता. त्याने पत्र वाचले, तारखा विचारल्या आणि म्हणाला, "मामा, हे देणे मुदतबाह्य झाले आहे. तीन वर्षांची मुदत असते. साथीच्या काळातले सर्वोच्च न्यायालयाने वगळलेले दिवस, 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022, तेही मी धरले आहेत. दावा टिकायचा नाही. फक्त एक करा, त्यांना एक अक्षरही लिहून देऊ नका." चिरंजीव म्हणाले, "बाबा, मोठमोठे लोक कोट्यवधी बुडवतात, ती कर्जे बँका निर्लेखित करतात. तुम्ही अठरा हजारांसाठी झोप कशाला घालवता? पंधरा हजार भरा आणि मोकळे व्हा." चिरंजीवांच्या मातोश्री वाढता वाढता थांबल्या आणि एवढेच म्हणाल्या, "अहो, पण फी तर आपण भरली ना त्या पैशांनी?"

हे तीन पक्ष झाले. तिन्हींचा विचार करणे अवश्य आहे.

प्रथम कायद्याचा पक्ष घेऊ. 1963 च्या मुदतीच्या कायद्याने असा दावा सामान्यतः तीन वर्षांत आणावा लागतो, हे खरे. परंतु मुदत संपली म्हणजे काय संपते? दावा लावण्याचा मार्ग संपतो; देणे संपत नाही. याचा पुरावा कायद्यातच आहे. 1872 च्या करार कायद्याच्या पंचविसाव्या कलमात असे सांगितले आहे की, मोबदल्यावाचून केलेला करार सामान्यतः निरर्थक असला, तरी मुदतबाह्य झालेले देणे फेडण्याचे वचन ऋणकोने सही करून लिहून दिले तर ते बंधनकारक होते. मुदतीने देणे समूळ नाहीसे झाले असते, तर ते फेडण्याचे वचन म्हणजे नुसते दानाचे वचन ठरले असते, आणि तशा वचनाला कायद्याने एवढा मान दिला नसता. भाच्याने "एक अक्षरही लिहून देऊ नका" म्हणून बजावले, त्याचे कारण हेच. जे कायद्याच्या दृष्टीने निजले होते, ते आमच्या एका अक्षराने जागे होणार होते. मेलेल्या माणसाला हाक मारू नका, असे कोणी सांगत नाही. निजलेल्यालाच जागे करू नका म्हणतात.

मग मुदतीचा कायदा अन्याय्य आहे काय? मुळीच नाही. काळ लोटला की पुरावे हरवतात, साक्षीदार मरतात, पावत्या उंदीर खातात. तीस वर्षांपूर्वीच्या देण्यावरून कोणाच्याही दारी बेलिफ यावा, हे समाजस्वास्थ्याच्या दृष्टीने इष्ट नव्हे. ज्याला आपण फेडले की नाही हे आता सिद्ध करता येत नाही, त्याच्यासाठी मुदत ही ढाल आहे. पण आपण फेडलेले नाही हे ज्याला पक्के ठाऊक आहे, त्याने ती ढाल हाती घेतली तर तो स्वतःच्या स्मृतीपासूनच स्वतःचे रक्षण करीत असतो. न्यायाधीशासमोर ती ढाल चालेल. जेवणाच्या पानावर चालत नाही.

आता चिरंजीवांचा पक्ष. त्यात दोन मुद्दे गुंतलेले आहेत. मोठे लोक बुडवतात हा पहिला. त्याचे उत्तर कठीण नाही. दुसऱ्याच्या चोरीने आपली उधारी फिटत नाही. शिवाय बँकेचे पैसे म्हणजे कोणा अदृश्य सावकाराचे पैसे नव्हेत. इंग्लंडात 1848 साली फोली विरुद्ध हिल या खटल्यात असे ठरले की, ठेवीदार हा धनको आणि बँक ही त्याची ऋणको. ठेव म्हणजे बँकेने आपल्याकडून घेतलेले कर्ज. ओव्हरड्राफ्टमध्ये ही नाती उलटतात. आपण ऋणको होतो आणि बँक धनको. पण बँक जे देते, ते तिने दुसऱ्या ठेवीदारांकडून घेतलेले असते. निवृत्त शिक्षकाची ठेव, कोणा विधवेची पुंजी, आमच्या शेजाऱ्याने मुलीच्या लग्नासाठी साठविलेली रक्कम, असे ते पैसे आहेत. मोठे बुडवे त्यांनाच बुडवितात. आमचे अठरा हजार त्या ढिगात पडल्याने आम्ही बुडव्यांचा सूड घेत नाही, त्यांच्या पंगतीला बसतो.

दुसरा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे. बँकच जर 15,000 घेऊन मोकळे करण्यास तयार आहे, तर आम्ही अधिक का द्यावे? धनकोने सोडून दिलेले देणे हे देणेच राहत नाही, हा सर्वमान्य सिद्धांत आहे. या मुद्द्याने आम्हांस दोन दिवस निरुत्तर केले. अखेरीस त्याचा उलगडा झाला तो तुकोबांच्या चरित्रातील एका प्रसंगाने. परंपरा अशी सांगते की, तुकोबांच्या घरी वडिलार्जित सावकारी होती आणि लोकांकडून येणे असलेल्या रकमांचे कागद होते. विरक्ती आल्यावर ते कागद त्यांनी इंद्रायणीत बुडविले. ही गोष्ट आपण सर्व ऐकून आहोत. पण तिच्यातील एक तपशील आपण सहसा विसरतो. त्यांनी सगळे कागद बुडविले नाहीत. धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा वेगळा काढून त्यांच्या स्वाधीन केला, आणि स्वतःच्या वाट्याचे तेवढे डोहात सोडले.

या प्रसंगातून दोन गोष्टी निघतात. कागद बुडविण्याचा अधिकार सावकाराचा आहे, ऋणकोचा नव्हे, ही पहिली. आम्ही साडेसहा वर्षे जे केले, ते ऋणकोने परस्पर इंद्रायणीवर जाऊन येण्यासारखे होते. दुसरी गोष्ट अशी की, सावकारालासुद्धा स्वतःच्याच वाट्याचे कागद बुडविता येतात, भावाच्या वाट्याचे नाही. बँकेचा अधिकारी तडजोड देऊ करतो, तेव्हा त्याच्या हातातील कागद त्याचे स्वतःचे नसतात. ते कान्होबांचे असतात. मग ही सवलत तो कोणत्या अधिकाराने देतो? जो खरोखर देऊच शकत नाही, त्याच्याकडून जे मिळेल ते घ्यावे, नाहीतर सगळेच जाईल, या व्यवहारबुद्धीने. असमर्थ ऋणकोच्या बाबतीत ही बुद्धी योग्यच आहे. तीत दया आहे आणि शहाणपणही आहे. ज्याची नोकरी गेली, ज्याच्या घरी दुखणे आले, त्याने ती सवलत ताठ मानेने घ्यावी. तिच्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. परंतु आम्ही असमर्थ नव्हतो. पत्राला मुकाट्याने होकार देऊन 15,000 भरणे म्हणजे 'आमची ऐपत नाही' असे न बोलता सांगणे होते. ते वाक्य तोंडाने उच्चारण्याची आम्हांस लाज वाटली असती; मग पैशाने ते वदविणे तरी कसे योग्य ठरावे?

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग सत्तावन्न हजार भरून टाका, एवढा खल कशाला? येथेच दुसऱ्या बाजूची चूक होते, आणि आमच्यासारख्या पापभीरू मध्यमवर्गीयांच्या हातून ती फार वेळा होते. देणे चुकविल्याची लाज वाटू लागली म्हणजे मागेल ते देऊन सुटावे असे मनुष्यास वाटते. पण मागणी म्हणजे देणे नव्हे. प्लेटोच्या 'रिपब्लिक' ग्रंथाच्या आरंभी वृद्ध सेफालस न्यायाची व्याख्या करताना सत्य बोलणे आणि घेतलेले परत करणे एवढेच सांगतो. त्यावर सॉक्रेटिस विचारतो की, मित्राने शहाणा असताना शस्त्रे ठेवावयास दिली आणि वेड लागल्यावर ती परत मागितली, तर द्यावी काय? जे मागितले ते मागणाऱ्यास देणे नेहमीच न्याय्य नसते, एवढे त्या प्रश्नाने सिद्ध होते.

महाराष्ट्राने हा धडा पुस्तकातून नव्हे, शेतातून शिकला आहे. 1859 च्या कायद्याने कर्जाची मुदत तीन वर्षांवर आणली, ती ऋणकोच्या हितासाठी म्हणून. झाले उलटेच. सावकार मुदत संपण्यापूर्वी कुणब्याकडून नवे खत करून घेई, आणि जुन्या व्याजाचे नवे मुद्दल होई. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. त्यात दंगेकऱ्यांचा मुख्य रोख खतांवर होता. पुढे 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याने न्यायालयांस खताच्या मागे जाऊन मूळ हिशेब पाहण्याचा, मुद्दल आणि व्याज वेगळे काढण्याचा अधिकार दिला. खतावर काय लिहिले आहे ते पाहून थांबू नका, खरोखर काय घेतले ते पाहा, हे त्या कायद्याचे सार. आपल्या जुन्या धर्मशास्त्रातील दामदुपटीचा नियमही हेच सांगतो: एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये. आजच्या बँकांच्या हिशेबास तो नियम लावावा असा आमचा आग्रह नाही. पण ऋणकोची चूक कितीही मोठी असली तरी धनकोच्या मागणीला कोठेतरी मर्यादा असावी, ही बुद्धी त्यात आहे. रिझर्व्ह बँकेनेही 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकात असेच तत्त्व घालून दिले की, कर्जाच्या अटी मोडल्याबद्दल दंड आकारावा, पण तो व्याजाच्या रूपाने आकारू नये आणि त्यावर पुन्हा व्याज चढवू नये; दंड हे शिस्तीचे साधन आहे, उत्पन्नाचे नव्हे.

म्हणून आम्ही मातोश्रींच्या प्रश्नाकडे परत आलो. त्या पैशांनी आपण फी भरली. मग त्या पैशांचे आपल्याकडे खरोखर किती निघते? कागद घेऊन हिशेब मांडला. मुद्दल 18,400. ते साडेसहा वर्षे वापरले. ठरलेला दर शेकडा 12. सरळ व्याज 14,352. एकूण 32,752 रुपये. हा आकडा बँकेच्या मागणीहून पुष्कळ कमी होता आणि तिच्या तडजोडीच्या दुपटीहून अधिक होता. वहीवर तो आकडा मांडला आणि आमच्या मनातील गोंधळ एकदम शमला, हे नमूद केले पाहिजे. देण्याची भीती वाटते ती त्याचा आकडा ठाऊक नसतो म्हणून. साडेसहा वर्षे ज्याच्याकडे पाहण्याचे आम्ही टाळले, ते पाहावयास अर्धा तास पुरला.

या ठिकाणी थोरामोठ्यांची उदाहरणे देण्याची वहिवाट आहे. सर वॉल्टर स्कॉट याने 1826 साली भागीदारीतील व्यवहार बुडाल्यावर सुमारे 1,20,000 पौंडांचे देणे अंगावर घेऊन मरेपर्यंत लेखणी झिजविली. मार्क ट्वेनची प्रकाशनसंस्था 1894 साली बुडाली; साठीच्या उंबरठ्यावर तो व्याख्याने देत जगभर फिरला, 1896 च्या जानेवारीत आपल्या मुंबईसही येऊन गेला, आणि 1898 पर्यंत त्याने धनकोंची पै न पै चुकती केली. वर्गात आम्ही ही उदाहरणे कैक वेळा दिली आहेत. पण त्या दिवशी ती आम्हांस फारशी उपयोगी पडली नाहीत. त्या दोघांकडे जगाचे डोळे लागले होते. त्यांचा त्याग कीर्तीनेही झाकला जात होता. आमच्याकडे पाहणारे कोणी नव्हते. भरले नसते तर कोणास कळले नसते, आणि भरले तरी टाळ्या वाजणार नव्हत्या. सामान्य माणसाच्या नीतीची कसोटी बहुधा अशाच ठिकाणी लागते, जेथे रक्कम लहान असते, साक्षीदार नसतो आणि न देण्याची सबब उत्तम असते.

भाच्याचा सल्ला मोडून आम्ही बँकेस पत्र लिहिले. त्यात देणे मान्य केले, विलंबाबद्दल दिलगिरी कळविली, खात्याचा संपूर्ण उतारा मागितला आणि आपला हिशेब जोडला. दंडावरचे व्याज व न पोहोचलेल्या संदेशांचा आकार आम्ही देऊ इच्छीत नाही, हेही स्पष्ट केले. मग समक्ष गेलो. तेथील तरुण अधिकारी बुचकळ्यात पडला. "सर, तुम्हांला पंधरा हजारांत मोकळं करतोय, तुम्ही बत्तीस का भरताय?" त्याला वाटले, यात काहीतरी मेख असावी. कमी द्यावयास येणाऱ्यांसाठी त्याच्या यंत्रात जागा होती; तडजोडीपेक्षा अधिक द्यावयास येणाऱ्यासाठी नव्हती. त्याने वरिष्ठांस विचारले, दोन आठवडे गेले, आणि अखेर मुद्दल व सरळ व्याज घेऊन बाकीचे आकार सोडून देण्याचे पत्र आले. आम्ही 32,752 रुपये भरले. प्रकरणाची नोंद 'तडजोड' अशी न होता 'पूर्ण फेड' अशी झाली. कर्जदारांच्या पतीची नोंद ठेवणाऱ्या संस्थांच्या लेखी या दोन शब्दांत पुष्कळ अंतर असते, हे आम्हांस मागाहून समजले. पण ते अंतर केवळ त्यांच्याच लेखी असते असे नाही.

वाचकांपैकी कोणी बँक बदलण्याच्या विचारात असतील, तर या अनुभवातून शिकलेल्या दोन व्यावहारिक गोष्टी सांगणे आमचे कर्तव्य आहे. ओव्हरड्राफ्टचे व्याज रोजच्या बाकीवर मोजून महिन्याच्या अखेरीस खात्यावर टाकतात. म्हणून आज दिसणारी बाकी भरली तरी देणे पुरे फिटत नाही, चालू महिन्याचे व्याज मागाहून उभे राहते. खाते बंद करण्याच्या दिवसापर्यंतचा आकडा बँकेकडून लेखी मागावा. तसेच पगार हलविला म्हणजे खाते बंद झाले असे समजू नये. बंद करण्याचा अर्ज द्यावा, उरलेले चेक परत करावे आणि काही देणे नसल्याचा दाखला हाती पडेपर्यंत मागे लागावे. ब्रिटनमध्ये 2013 पासून सात कामाच्या दिवसांत खाते एका बँकेतून दुसऱ्या बँकेत हलविण्याची सोय आहे. पण तेथेही ओव्हरड्राफ्टचा भार घेण्यास नवी बँक राजी नसेल, तर जुन्या बँकेचे देणे खातेदारास स्वतंत्रपणे फेडावे लागते. खाते हलविण्याचे काम यंत्र करील. देणे निस्तरण्याचे काम माणसासच करावे लागते.

मराठीत 'ऋणानुबंध' हा शब्द आपण किती प्रेमाने वापरतो! कोणाशी स्नेह जडला की पूर्वजन्मीचे काही देणेघेणे असावे असे म्हणतो. त्या शब्दात ऋण हे ओझे नाही, धागा आहे. बँकेशी काही स्नेह नसतो, हे खरे. पण ज्या पैशांनी मुलगा शिकला, ते कोणाच्या तरी घामाचे होते, आणि त्या अनोळखी माणसाशी आमचा धागा जुळला होता. तो तोडून टाकणे सोपे होते. तो रीतसर सोडविला, एवढेच आमच्या हातून झाले. तेही वेळेवर नव्हे.

बँकेचा दाखला टपालाने आला, तो आम्ही चिरंजीवांच्या हाती दिला. त्यांनी तो वाचला, घडी केली, आणि आपल्या पदवीच्या कागदांत ठेवला. आम्ही काही विचारले नाही.